टाचेखालची वायर

मैंदर्गीच्या लग्नात अप्पांची सम तीनदा गेली आणि परतीच्या टेम्पोत मी तोंड उघडलं. माझं तोंड उघडलं की काहीतरी मोडतंच, हे आमच्या बँजो पार्टीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी नेमकं काय मोडलं, ते कळायला मात्र मला तीन आठवडे लागले.

अप्पा म्हणजे माझे वडील, रुद्रप्पा. सोलापुरात आणि खाली पार अक्कलकोटपर्यंत लग्न असो, बारसं असो, शाळेचं गॅदरिंग असो, बँजो म्हटलं की लोक त्यांचं नाव घेतात. बँजो म्हणजे आपला, टाइपरायटरसारख्या बटणांचा. डाव्या हातानं बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. चाळीस वर्षं झाली त्यांना. गाणं कितीही लांब भटकून आलं तरी हा माणूस समेवर असा येऊन उभा राहतो, की ढोलकीवाल्यानं डोळे मिटून थाप द्यावी. मी भुवनेश्वरी, त्यांच्या शेजारी कीबोर्ड वाजवते. पार्टीच्या तारखा ठरवणं, टेम्पो बोलावणं, कुणाला रागावणं ही कामंही आता माझ्याकडेच आहेत. त्यामुळे स्वतःला मालकीण समजायची खोड लागली आहे मला.

आणखी एक काम माझ्याकडे आहे. सामान मांडून झालं की वाजवण्याआधी सगळ्याला विभूती लावायची. आधी माझी आई लावायची. बारा वर्षांपूर्वी अव्वा गेली आणि वाटी माझ्या हातात आली.

तर मैंदर्गीचं लग्न. भर दुपार, मांडवात दोन-तीनशे माणसं, सगळं झकास चाललेलं. अप्पांनी एक लांबलचक तान घेतली, वळसा घालून खाली आणली आणि जिथं सम यायची तिथं काहीच आलं नाही. क्षणभर सूरच नाही. नुसती बारीक खर्रर्र, आणि पुढच्या मात्रेपासून पुन्हा बँजो चालू. ढोलकीवरच्या नईमनं माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली. मग दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा पुढं बसलेल्या एका फेटेवाल्या म्हाताऱ्यानं मान हलवली, आणि ती दाद नव्हती.

हे काही त्या दिवशीच सुरू झालं नव्हतं. पाच-सहा महिन्यांपासून अधूनमधून होत होतं. आणि मी काही वेडी नाही, मी आधी वायरच तपासली होती. दोनदा. घरी अ‍ॅम्प्लिफायर लावला, त्याच वायरीनं बँजो जोडला, अप्पा नेहमीसारखे खाली मांडी घालून बसले आणि तासभर वाजवलं. एक सूर इकडचा तिकडं झाला नाही. घरात ठणठणीत आणि मांडवात, चार लोकांसमोर, नेमकं समेवर गायब! मग दोष वायरीचा कसा असेल? माणसाचाच असणार. मी असा सरळ विचार केला आणि स्वतःवर खूश झाले.

म्हणून टेम्पोत, नईम आणि बाकी सगळे बसलेले असताना, मी म्हणाले, "अप्पा, तुमचा हात गेलाय. आता बास करा."

अप्पा बाहेर बघत होते. त्यांनी मान वळवली आणि मला विचारलं, "व्हय?"

चिडून नाही. आपल्याला माहीत नसलेली गोष्ट जाणत्याला विचारावी तसं विचारलं. मी म्हणाले, "हो." त्यांनी खिशातली नखी काढली, बँजोच्या पेटीतल्या छोट्या कप्प्यात ठेवली आणि कप्पा बंद केला.

"मग बास," ते म्हणाले.

त्यानंतर तीन आठवडे त्यांनी बँजोला हात लावला नाही. बँजो चादरीत गुंडाळून कपाटावर गेला. अप्पा सकाळी चहा घ्यायचे आणि उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसायचे. मूठ उघडायचे, मिटायचे. मी आले की हात खिशात. मला त्याचा राग यायचा. का यायचा ते सांगता येत नव्हतं, पण घरात भांडी जरा जास्तच आपटत होती.

माढ्याचं एक लग्न रविवारी होतं. मी ठरवलं, बँजोचे तुकडे कीबोर्डवर वाजवायचे. कीबोर्डमध्ये बँजोचा आवाज असतोच की. सराव करताना नईम म्हणाला, "ताई, राग मानू नका. हा बँजोचा आवाज नाही, बँजोच्या फोटोचा आवाज आहे."

"तू ढोलकी वाजव," मी म्हणाले.

पण आवाज पातळ येत होता हे खरं. मला अप्पांचा अ‍ॅम्प आणि स्पीकरचा खोका हवा होता. मी मागितला तर "घे की" एवढंच म्हणाले. आता घ्यायचाच तर एकदा तपासून साफ करून घ्यावा, म्हणून नईमनं मला त्याच्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे, हुसेनबीकडे पाठवलं. इतकी वर्षं आमचं सगळं दुरुस्तीचं काम मी स्टेशनकडच्या एका दुकानात देत होते. विजापूर वेशीत कुणी बाई वायरी दुरुस्त करते हे मला माहीतही नव्हतं.

तिचा गाळा इतका अरुंद, की अ‍ॅम्प आणि खोका आत ठेवल्यावर मला पायरीवर बसावं लागलं. भिंतभर खिळे आणि खिळ्याखिळ्याला वायरी. प्रत्येकीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, एकीवर 'कव्वाली', एकीवर 'भजनी मंडळ', एकीवर नुसतं 'भांडखोर'. हुसेनबी साठीच्या पुढची, बारीक, चष्म्याला दोरी बांधलेली. तिचे मियाँ हाशम भोंगे आणि मशीन दुरुस्त करायचे, तेव्हा ती शेजारी बसून दिवा धरायची. ते गेले आणि दुखवट्याची इद्दत संपली त्या दिवशी तिनं गाळ्याचं शटर उघडलं, असं नईम सांगतो.

"काय होतंय याला?" तिनं विचारलं.

"काही होत नाही. नुसतं साफ करून द्या. वाजवणारा बदललाय."

"का बदलला?"

"हात गेला त्यांचा."

"कुणाचा?"

"माझ्या अप्पांचा."

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हात कुठं जातो बेटा? वायर दाखव इकडं."

मला वाटलं, आता ती मीटर काढेल, बटणं दाबेल. तिनं काहीच लावलं नाही. वायरीचं एक टोक धरलं, डोळे मिटले आणि सगळी वायर दोन बोटांच्या चिमटीतून हळूहळू ओढत नेली. हातभर गेली, दोन हात गेली, तीन हात गेली आणि तिथं थांबली.

"इथं टाच असते," ती म्हणाली.

"कुणाची?"

"वाजवणाऱ्याची. बघ की."

मी वाकून बघितलं. वायर तिथं चार बोटं लांबीभर चपटी झाली होती आणि वरचं काळं रबर घासून गुळगुळीत झालं होतं. ही वायर मी बारा वर्षं गुंडाळते आहे, सोडते आहे, आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

"खुर्चीवर बसतो तो," हुसेनबी डोळे मिटूनच म्हणाली. "वायर टाचेखाली धरतो. कुणाचा पाय अडकला तरी पिन निघू नये म्हणून. जुने लोक करतात असं. आणि टाचेनंच ताल देतो. नुसता पाय ठेवला असता तर वायर चपटी झाली असती, घासली नसती. ही वर-खाली, वर-खाली घासलेली आहे. किती वर्षांची आहे वायर?"

"बारा."

"बारा वर्षांत टाच बोटभर सरकली नाही." तिनं डोळे उघडले. "शेकडो ठिकाणी वाजवलं असेल. दर वेळेला खुर्ची वेगळी, जमीन वेगळी. टाच मात्र तिथंच. या माणसाचा हात गेला म्हणतेस तू?"

ज्या बाईनं माझ्या बापाला कधी बघितलं नाही, तिनं तो कसा बसतो, कसा ताल धरतो हे एका काळ्या वायरीवरून मला सांगितलं होतं, आणि ते सगळं अगदी तसंच होतं.

"वाजवलेलं काही आहे का मोबाइलमध्ये?"

होतं. मैंदर्गीचं मी मुद्दाम जपून ठेवलं होतं. अप्पांनी वाद घातला असता तर त्यांना ऐकवायला, पुरावा म्हणून. हे मी हुसेनबीला सांगितलं नाही, पण लाज तिथून सुरू झाली.

तिनं मोबाइल कानाला लावला. तिची टाच पायरीवर आपोआप वाजू लागली. पहिली सम गेली. दुसरी गेली. तिसऱ्या वेळेला ती चक्क हसली.

"सूर कुठं गायब होतो, सांग."

"समेवर."

"दर वेळेला समेवरच?"

"हो ना, म्हणून तर..."

"म्हणून तर हात नाही. म्हातारपणानं हात चुकतो तेव्हा कुठंही चुकतो. कधी लवकर पडेल, कधी उशिरा पडेल. इतकं मोजून मापून कोण चुकतं? समेवर जोरात काय पडतं?"

मला कळलं होतं. मी तिच्या पायाकडे बघितलं.

"टाच," तीच म्हणाली.

मग तिनं एक छोटी डबी काढली. बटण दाबलं की तिच्यातून एकच सूर सलग निघायचा. डबी आमच्या वायरीला जोडली, वायर अ‍ॅम्पला, अ‍ॅम्प खोक्याला. गाळा त्या सुरानं भरून गेला, स्वच्छ, कुठं ओरखडा नाही. घरी यायचा अगदी तसा. हुसेनबीनं चप्पल काढली, वायर जमिनीवर पसरली आणि त्या चपट्या जागेवर टाच ठेवली.

"गा काहीतरी. मैंदर्गीचंच गा."

मी गुणगुणायला लागले. ती टाचेनं ताल धरत गेली. हलक्या मात्रांना टाच हलकी पडायची, सुराला काही होत नव्हतं. सम आली, टाच जोरात पडली, वायर इतकीशी ताणली गेली, पिन खोबणीत इतकीशी हलली आणि गाळ्यातला सूर नाहीसा झाला. टाच उचलली, सूर परत. मी गातच राहिले. दर समेला तेच. नेमकं तेच.

"जितकी सम पक्की, तितका सूर जास्त जातो," हुसेनबी म्हणाली. "कच्चा माणूस असता तर कुणाला कळलंही नसतं."

घरी अप्पा मांडी घालून बसायचे. टाच वायरीवर नसायची. एवढी साधी गोष्ट. मी दोनदा तपासलं आणि दोन्ही वेळा बापाला जमिनीवर बसवून तपासलं. जे मी त्यांची चूक म्हणून सगळ्यांसमोर बोलले, ते त्यांचं बरोबर असणं होतं. चाळीस वर्षांत त्यांचा पाय जिथं पडायचा तिथंच पडत होता, आणि त्याच पायानं त्यांचा सूर ओढून नेला होता. मी त्या पायरीवर बसून अ‍ॅम्पकडे बघत राहिले. बोटाच्या पेराएवढी पिन, तिच्याएवढंच भोक, आणि माणसाचं सगळं वाजवणं तिथून जातं. मला हे आयुष्यात पहिल्यांदा दिसलं.

"पण बाराच वर्षांत एवढी ढिली कशी झाली?" हुसेनबी स्वतःशीच म्हणाली. तिनं पिन उपसून दिव्याखाली धरली. "हिचं पांढरं पाणी उतरलंय. आतलं पितळ दिसतंय बघ, पिवळं. नुसत्या घालण्या-काढण्यानं असं होत नाही. कुणीतरी घासलीय. राखेनं भांडं घासतात तशी."

अ‍ॅम्पची मागची फळी उघडून तिनं खोबण सोडवली आणि कागदावर उलटी ठोकली. आधी काही पडलं नाही. मग तिनं सुईनं टोकरलं आणि पांढरट करडे तुकडे कागदावर पडले, चुन्यासारखे घट्ट झालेले. तिनं एक तुकडा चिमटीत चुरडला, नाकाशी नेला आणि एकदम थांबली. सोल्डरिंगची गरम कांडी तिनं लांब सरकवली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि कागद दोन्ही हातांनी उचलून वरच्या फळीवर ठेवला.

"ही विभूती आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमच्यात कोण लावतं?"

मी लावते.

अव्वा बँजोच्या लाकडाला लावायची आणि अप्पांच्या कपाळाला. बस, एवढंच. हा अ‍ॅम्प ती गेल्यावर आला. पहिल्या कार्यक्रमाला वाटी माझ्या हातात होती आणि मला वाटलं, लाकडाला लावून काय उपयोग? आवाज तर इथून जातो. मग मी ओल्या तीन बोटांनी विभूती घेतली, पिनेला चोळली आणि पिन आत सारली. त्या दिवशी अप्पा असे वाजले, की मला वाटलं अव्वाच आत जाऊन बसली. तेव्हापासून एकही कार्यक्रम मी चुकवला नाही. दर वेळेला पिन. भरपूर, मनापासून, ओल्या बोटांनी.

हे सगळं मी हुसेनबीला सांगितलं. सांगता सांगता मला कळत गेलं.

ती रागावली नाही. "मी काय बोलू बेटा? आमचे कव्वालीवाले माइकला ताविज बांधतात, माइक घुमायला लागला की माझ्याकडे येतात." ती खोबणीची जागा पुसू लागली. "लावायची तर लाव ना, नक्को कोण म्हणतंय? भोकात नक्को, एवढंच."

तिनं नवी खोबण बसवली. वायरीचं टोक कापलं, नवी पिन लावली, सोल्डरिंगचा धूर फुंकरीनं बाजूला केला. स्पीकरच्या खोक्यामागची वायर बोटानं हलवून बघितली. टेम्पोच्या धक्क्यांनी तिथले स्क्रू सैल झाले होते, तेही पिळले. शेवटी वायरीचा एक वेढा तिनं अ‍ॅम्पच्या मुठीला घालून दाखवला. "असं बांधायचं. मग टाचेचा ओढा मुठीवर येतो, पिनेपर्यंत जात नाही. आणि एक ऐक. त्यांना टाच उचलायला सांगू नको. टाचेला काही बोलू नको."

निघताना तिनं कागदाची पुडी माझ्या हातात दिली. "हे फेकायचं माझ्याच्यानं होत नाही. तुमचं तुम्ही न्या."

घरी आले तर अप्पा खुर्चीत बसले होते. मला बघून हात खिशात गेला. येताना मी काय बोलायचं ते ठरवलं होतं, चांगली वाक्यं होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी खाली फरशीवर बसले आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. टाच, वायर, डबीतला सूर, पिन, विभूती. माझं काहीच लपवलं नाही.

अप्पा ऐकत होते. मला वाटलं हाताबद्दल विचारतील.

"बोटभर न्हाय सरकली म्हनली ती?"

"नाही सरकली. बारा वर्षांत."

त्यांनी वाकून स्वतःच्या डाव्या टाचेकडे बघितलं, कुणीतरी नवीन घरात आल्यासारखं. "लई बघितलं की बाईनं," ते म्हणाले.

"अप्पा, तुम्हाला कळत नव्हतं? तुमचा हात तुम्हाला सांगत नव्हता, की मी बरोबर पडतोय म्हणून?"

"सांगत हुता की. मला वाटायचं, बराबर पडतोय." ते अजून टाचेकडेच बघत होते. "पन तू शेजारी बसतीस. तुझा कान माझ्यापरास चांगला हाय. तू म्हनलीस हात गेला. मग मी पुना हाताला इचारलंच न्हाय."

मी रडले. टेम्पोत जेवढ्या मोठ्यानं बोलले होते तेवढ्याच मोठ्यानं रडले. अप्पांनी उजवा हात खिशातून काढला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "साक, साक," ते म्हणत राहिले. बास कर म्हणून लहानपणी अव्वा कानडीत म्हणायची, तसंच.

मग त्यांनी पुडी उघडली. करड्या तुकड्यांमध्ये पितळेचा कीस बारीक चमकत होता. "ह्यात माझ्या समा हायत की गं सगळ्या," ते म्हणाले आणि हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले. पुडी त्यांनी अव्वाच्या फोटोपुढं ठेवली.

मी कपाटावरचा बँजो काढायला उठले तर त्यांनी थांबवलं. "हितं नको. मांडी घालून काय कळतंय? माढ्यालाच बघू." आणि मग खालच्या आवाजात म्हणाले, "वायरीचं झालं. हाताचं काय झालंय, कुनाला म्हाईत?"

मला वाटलं होतं, वायर नीट झाली म्हणजे सगळं नीट झालं. माझ्या बोलण्यानं त्यांच्या हातात काय घुसलं होतं, ते हुसेनबीच्या सुईनं निघणार नव्हतं.

रविवारी माढ्याला अकराचा मुहूर्त होता. आम्ही साडेनऊला स्टेजवर होतो. मी वायरीचा वेढा अ‍ॅम्पच्या मुठीला घातला, पिन कोरडी ठेवली, दोनदा पुसली. विभूतीची वाटी पिशवीतच राहू दिली. भीतीच बसली होती मला. अप्पा खुर्चीवर बसले, नखी घेतली आणि पहिलं गाणं सुरू झालं.

आवाज स्वच्छ होता. पण अप्पा नव्हते. सूर यायचे, पाय ओला असलेल्या माणसानं फरशीवर चालावं तसे जपून जपून. सम आली ती पाव मात्रा उशिरा आली, आणि लगेच पुढं सरकली. नईमची थाप चाचपडली. मी खाली बघितलं. अप्पांनी डावा पाय वायरीपासून वीतभर लांब ठेवला होता, आणि टाच अधांतरी होती. त्या टाचेला मी काहीच बोलले नव्हते. बोलायचं ते टेम्पोत बोलून बसले होते.

गाणं संपलं. अप्पांनी नखी मांडीवर ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज विभूती लावली न्हाईस?"

"कुठं लावू, कळेना अप्पा."

त्यांनी उजवा हात पुढं केला. तळवा खाली, मनगट माझ्याकडे. मी पिशवीतून वाटी काढली, बोटं ओली केली आणि त्यांच्या मनगटावर तीन पट्टे ओढले. सावकाश ओढले. स्टेजखाली लोक बघत होते, बघू देत.

मग मी खाली वाकले. वायर उचलून ती चपटी जागा शोधली. ती बोटांना लगेच लागली, आता मला ती अंधारातही सापडेल. अप्पांचा डावा पाय धरला, टाचेखाली वायर ठेवली आणि टाच तिच्यावर टेकवली. हात तिथून काढवेना. सगळ्यांसमोर बोलले होते, सगळ्यांसमोरच पाय धरून राहिले.

"ऊठ," अप्पा म्हणाले. "मैंदर्गीचंच धर."

मी सूर दिला. नईमनं ठेका धरला. अप्पांनी सुरुवात खालूनच केली, मग वर गेले, आणखी वर गेले. ती तान त्यांनी मैंदर्गीत घेतली होती त्याच्या दुप्पट लांब नेली. नवरीकडची बायकामाणसं बोलायची थांबली. तान वळली, उतरू लागली, आणि माझी नजर त्या टाचेवर होती. टाच उचलली गेली.

नईमनं डोळे मिटले आणि थाप दिली.

त्याच थापेवर टाच पडली. वायर ताणली गेली. सूर जागचा हलला नाही.